बाहेरची माणसे, गावची हजेरी आणि मायामीतला एक उन्हाळा

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव किंवा मिरज तालुक्यातल्या एखाद्या बागायती गावात सकाळी चहाच्या टपरीवर थांबले, तर एकाच बाकावरून दोन तक्रारी ऐकू येतात. ज्याच्या द्राक्षबागेची छाटणी अडली आहे तो म्हणतो, "माणूसच मिळत नाही, आणि मिळाला तर सांगेल ती हजेरी (दिवसाची मजुरी) मोजावी लागते." त्याच्या शेजारी बसलेला, स्वतः रोजगाराला जाणारा गडी म्हणतो, "बाहेरच्या टोळ्या येतात, अंगावर काम घेतात, म्हणून तर आमची हजेरी वाढत नाही." दोघे एकाच गावचे, एकाच बाजाराबद्दल बोलणारे, आणि दोघांनाही आपले म्हणणे रोजच्या अनुभवाने पटलेले असते. यातल्या दुसऱ्या तक्रारीवर, म्हणजे बाहेरून माणसे आली की आधीपासून तिथे राबणाऱ्यांची मजुरी पडते का, या प्रश्नावर जगातल्या नामांकित अर्थतज्ज्ञांत गेली पस्तीस वर्षे वाद चालू आहे, आणि तो वाद मुख्यतः एका शहरात एका उन्हाळ्यात घडलेल्या गोष्टीभोवती फिरतो.

प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. बाजार समितीत बेदाण्याची आवक वाढली की दर उतरतो, हे तासगावात शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. मग मजुरांची आवक वाढली की मजुरी उतरणारच, असे कोणीही म्हणेल. परंतु बेदाणा शीतगृहात गप्प पडून असतो आणि मजूर तसा नसतो. तो पीठ, तेल, मीठ विकत घेतो, मोबाईलचे रिचार्ज मारतो, आजारी पडला की दवाखान्यात जातो, आणि त्याच्या खर्चातून गावातल्या दुसऱ्या कोणाला तरी काम मिळते. शिवाय हाताशी माणसे आहेत हे दिसल्यावर बागायतदार एकराची बाग दोन एकरांची करतो, म्हणजे मजुरांच्या येण्याने मजुरांची मागणीही वाढते. पुरवठा आणि मागणी दोन्ही एकदम हलल्यावर दर कुठे जाऊन थांबेल, हे नुसत्या तर्काने सांगता येत नाही. ते मोजावेच लागते.

आणि मोजणे हीच खरी अडचण आहे. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांत पोहोचले, तसा ऊस आणि द्राक्ष वाढले, कामे वाढली, आणि कामामागे बाहेरचे मजूरही आले. आता कोणी तालुक्यांचा तक्ता मांडून दाखवले की जिथे बाहेरचे मजूर जास्त तिथे मजुरीही जास्त, आणि त्यावरून बाहेरच्यांमुळे मजुरी वाढते असा निष्कर्ष काढला, तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडण्यासारखे होईल. मजुरी पाण्याने वाढली आणि मजूर त्या मजुरीकडे पाहून आले. माणसे मुळात बरी कमाई असलेल्या ठिकाणीच जातात, म्हणून कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा गुंता सुटत नाही. तो सोडवण्यासाठी अशी एखादी घटना सापडावी लागते, जिच्यात माणसे आली खरी, पण त्या गावच्या मजुरीशी त्यांच्या येण्याचा काहीही संबंध नव्हता.

अशी घटना १९८० साली क्युबात घडली. एप्रिल महिन्यात फिदेल कास्त्रो यांनी जाहीर केले की ज्यांना देश सोडायचा आहे त्यांनी मारिएल बंदरातून खुशाल जावे. फ्लोरिडात आधीपासून राहणारे क्युबन लोक मिळेल ती बोट घेऊन आपल्या नातेवाइकांना आणायला निघाले, आणि ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचली. त्यांतली निम्मी मायामी शहरातच राहिली. बहुतेकांचे शिक्षण कमी होते आणि इंग्रजी फारसे येत नव्हते. मायामीची कामकरी लोकसंख्या काही महिन्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. ही माणसे मायामीत मजुरी चढली म्हणून आली नव्हती. ती कास्त्रोंच्या एका निर्णयामुळे आली, आणि मायामीत आली याचे कारण ते शहर जवळ होते व नातलग तिथे होते. अर्थशास्त्रज्ञ अशा प्रसंगाला नैसर्गिक प्रयोग म्हणतात, कारण प्रयोगशाळेत मुद्दाम जे घडवून आणता आले नसते ते इथे आपोआप घडलेले असते.

डेव्हिड कार्ड यांनी हा प्रसंग अभ्यासाला घेतला. कार्ड स्वतः कॅनडातून अमेरिकेत आलेले, ग्वेल्फ शहराजवळच्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरात वाढलेले. त्यांचा मायामीवरचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला, आणि अशाच प्रकारच्या कामासाठी २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. उरलेला अर्धा जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इंबेन्स यांना मिळाला. कार्ड यांची युक्ती समजायला सोपी आहे, फक्त ती आपल्या ओळखीच्या आकड्यांत मांडून पाहायला हवी.

समजा, वाळवा तालुक्यात एका वर्षी अचानक पुष्कळ मजूर आले. आधी भांगलणीची, म्हणजे तण काढण्याची, हजेरी ४०० रुपये होती, वर्षानंतर ती ४३० झाली. मजुरी वाढली, म्हणजे मजूर येऊनही नुकसान झाले नाही, असे एक जण म्हणेल. पण त्याच वर्षी तशाच पिकांच्या, तशाच पाण्याच्या आणि मजूर न आलेल्या दुसऱ्या एका तालुक्यात हजेरी ४०० वरून ४५० वर गेली असेल, तर मजूर आले नसते तर वाळव्यातही ती ४५० झाली असती, असे धरायला जागा आहे. म्हणजे खरा परिणाम ३० रुपयांच्या वाढीचा नसून २० रुपयांच्या घटीचा ठरतो. एका ठिकाणचा आधी-नंतरचा फरक घ्यायचा, दुसऱ्या ठिकाणचाही तसाच घ्यायचा, आणि त्या दोन फरकांतला फरक काढायचा, एवढीच ही पद्धत. तिचा सगळा भार एका गृहीतकावर असतो: तुलनेचे ठिकाण खरोखर तुलनेजोगे हवे. आणि ते अगदी शेजारचे नको, कारण वाळव्यात हजेरी दबली तर तिथले गडी उद्या नदी ओलांडून कराडकडे कामाला जातील आणि तिथलीही हजेरी दाबतील. मग दोन्हीकडे सारखेच दिसेल आणि परिणाम शून्य भासेल.

कार्ड यांनी मायामीसाठी अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजलिस आणि टँपा-सेंट पीटर्सबर्ग अशी चार ठिकाणे तुलनेला घेतली आणि १९७९ ते १९८५ या वर्षांची सरकारी पाहणीची आकडेवारी तपासली. निष्कर्ष पाहून त्या वेळी पुष्कळांनी भुवया उंचावल्या. मायामीतल्या कमी शिक्षित कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर या लोंढ्याचा जवळजवळ काहीही परिणाम दिसला नाही. आधी येऊन स्थिरावलेल्या क्युबन कामगारांवरही नाही.

हे कसे घडले असेल, याची काही कारणे कार्ड यांनी सुचवली. मायामी हे आधीपासून बाहेरच्या माणसांवर चालणारे शहर होते, तयार कपड्यांसारखे जास्त हात लागणारे उद्योग तिथे होते, आणि मारिएलची माणसे आली नसती तर इतर ठिकाणांहून जे मायामीत आले असते ते पुढच्या काळात कमी आले. ईथन लुईस या अर्थशास्त्रज्ञाने नंतर आणखी एक धागा पुढे आणला: जिथे कमी शिकलेले हात भरपूर असतात तिथले कारखाने नवे यंत्र घ्यायची घाई करत नाहीत, आणि मायामीत कामाच्या जागी संगणक येण्याचा वेग खरोखरच मंद होता. म्हणजे माणसे आल्यावर मजुरीचा दर हलण्याऐवजी काम करण्याची रीतच हलली. माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे आणि ती पुढे पुन्हा येईल.

जवळपास पंचवीस वर्षे हा निबंध पाठ्यपुस्तकांत उदाहरण म्हणून राहिला. मग हार्वर्ड विद्यापीठातले जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली. बोर्हास हवानात जन्मलेले आणि १९६२ साली लहानपणी अमेरिकेत आलेले, म्हणजे स्वतःच क्युबन स्थलांतरित. त्यांचे म्हणणे असे की मारिएलहून आलेल्यांत शाळा पूर्ण न केलेल्यांचे प्रमाण फार मोठे होते, तेव्हा त्यांची स्पर्धा ज्यांच्याशी झाली तेवढीच माणसे पाहायला हवीत. शाळा अर्धवट सोडलेले, स्पॅनिशभाषक समाजाबाहेरचे, २५ ते ५९ वयाचे पुरुष त्यांनी वेगळे काढले, आणि त्यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी कोसळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. वेगळे मोजण्याचे म्हणणे योग्य होते. गावाच्या सरासरीत भांगलणीची बाई आणि शाळामास्तर एकत्र मोजले तर त्या बाईचे नुकसान दिसेनासे होते, ही शंका कोणीही घ्यावी.

उलट बाजूने जिओवानी पेरी आणि व्हासिल यासेनोव्ह यांनी थोडा मोठा गट घेऊन पाहिले, तर घट दिसेनाशी झाली. खरी गोम मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवली. सरकारी पाहणीत मायामीतल्या या बारीक गटातली माणसे वर्षाला जेमतेम वीसेक होती. त्यातच नेमक्या त्याच काळात पाहणीची व्याप्ती सुधारली आणि या गटात कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण एकदम वाढले, ज्यांची मजुरी त्या शहरात आधीपासूनच कमी होती. खरसुंडीच्या यात्रेत गेल्या वर्षी कोणी फक्त जातिवंत खिलार बैलांच्या किमती टिपल्या आणि यंदा त्यात वासरेही धरली, तर सरासरी किंमत उतरलेली दिसेल, पण एकाही बैलाची किंमत उतरलेली नसेल. मायामीत असेच झाले असावे, असे क्लेमेन्स आणि हंट यांचे म्हणणे. बोर्हास यांना ते मान्य नाही. वीस माणसांच्या आधारावर इतका मोठा वाद उभा राहतो, हे वाचताना आधी हसू येते आणि मग आपल्याकडच्या पाहण्यांत एका तालुक्याच्या वाट्याला किती घरे येत असतील, हा विचार मनात येऊन ते हसू मावळते.

तुलनेची ही पद्धत किती सांभाळून वापरावी लागते, याचा एक मासला अँग्रिस्ट आणि ॲलन क्रूगर यांनी दिला आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात क्युबातून पुन्हा तशाच बोटी निघाल्या होत्या, पण अमेरिकेने त्या वाटेतच अडवून माणसांना आपल्या ग्वांतानामोच्या नाविक तळावर नेले. मायामीत लोंढा आलाच नाही. तरीही कार्ड यांच्याच पद्धतीने हिशेब केला, तर या न आलेल्या लोंढ्यामुळे मायामीतल्या कृष्णवर्णीयांची बेकारी वाढल्याचे दिसते! शहरांची आपापली चढउतार चालूच असते. एकाच शहराच्या एकाच प्रसंगावर सगळी भिस्त ठेवली की असा चकवा लागतो.

मग उलट्या बाजूचे, म्हणजे माणसे घालवून दिल्याचे उदाहरण पाहावे. अमेरिकेने १९४२ पासून ब्रासेरो नावाच्या करारावर मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणले, आणि ऐन भरात ही संख्या वर्षाला चार लाखांवर गेली होती. या मजुरांमुळे स्थानिकांची मजुरी दबते, असे म्हणून १९६४ च्या अखेरीस हा कार्यक्रम बंद करण्यात आला. क्लेमेन्स, लुईस आणि हॅना पोस्टेल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या राज्यांत ब्रासेरो मजूर भरपूर होते आणि ज्या राज्यांत मुळीच नव्हते, त्यांची तुलना केली. मजुरी दोन्हीकडे सारख्याच चालीने वाढत राहिली. मजूर गेल्याने तिला उसळी मिळाली नाही. मग शेतकऱ्यांनी केले काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संस्थेत जॅक हॅना यांनी टणक सालीच्या टोमॅटोचे वाण तयार केले होते आणि कोबी लॉरेन्झेन यांनी ते काढणारे यंत्र. मजूर असेपर्यंत ते यंत्र फारसे कोणी घेतले नव्हते. मजूर बंद झाल्यावर काही वर्षांतच प्रक्रियेसाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. ज्या पिकांना यंत्र नव्हते त्यांचे उत्पादन घटले. स्थानिक मजुरापर्यंत तो फायदा पोहोचलाच नाही, कारण शेतकऱ्यापुढे "जास्त मजुरी द्या" यापेक्षा वेगळेही मार्ग होते.

हे वाचताना कृष्णाकाठच्या माणसाला ऊसतोडणी आठवल्याशिवाय राहणार नाही. दिवाळीच्या आसपास बीड आणि परिसरातून टोळ्या येतात, फडाजवळ खोपी पडतात, आणि नवरा-बायकोचा एक कोयता धरून गळीत हंगाम संपेपर्यंत काम चालते. या टोळ्या कमी पडू लागल्यापासून तोडणी यंत्राची चर्चा वाढली आहे, आणि ते यंत्र चालावे म्हणून सरीतले अंतर साडेचार-पाच फुटांवर नेण्याचा आग्रहही सुरू झाला आहे. टोमॅटोचे वाण यंत्रासाठी बदलले, तशी इथे लागणीची रीत यंत्रासाठी बदलते आहे. म्हणून "टोळ्या आल्या नाहीत तर आमच्या गड्यांना तो दर मिळेल" हा हिशेब पुरा नाही. टोळीच्या जागी स्थानिक गडी न येता यंत्र येण्याचा संभव मोठा आहे.

तरीही मायामीचा निष्कर्ष उचलून आपल्याकडे चिकटवणे चूक ठरेल. ऊसतोडीचा दर रोजच्या घासाघिशीत ठरत नाही. तो साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या करारात ठरतो, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्क्यांची वाढ झाली तीही वाटाघाटीतून. त्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल असते. उचल फिटेपर्यंत तो कोयता दुसरीकडे जाऊ शकत नाही. मजुराला हवे तिथे जाता येते, हे पाठ्यपुस्तकातले गृहीतक उचलीपाशीच अडते. कार्ड यांच्या पुढच्या काळातल्या कामाचा मोठा भाग मजुरी ठरवताना मालकाच्या हाती किती ताकद असते, याच विषयावर आहे, आणि ऊसतोडीच्या प्रश्नाला मायामीपेक्षा ते काम जवळचे आहे.

दुसरा मुद्दा, नेमके कोणाचे नुकसान होते याचा. पेरी आणि चॅड स्पार्बर यांच्या अभ्यासानुसार बाहेरचे मजूर आले की स्थानिक कामगार अंगमेहनतीची कामे सोडून बोलाचालीच्या, देखरेखीच्या कामांकडे सरकतात, कारण भाषा आणि ओळखीपाळखी हे त्यांचे भांडवल असते. फडावर हे उघड दिसते: कोयता बाहेरचा, पण ट्रॅक्टर चालवणारा, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय, वजनकाट्यावरचा माणूस स्थानिक. नव्याने आलेल्यांची सर्वांत थेट स्पर्धा होते ती त्यांच्या आधी बाहेरून आलेल्यांशी, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. परराज्यातला मजूर बागेत आला, तर त्याची झळ गावच्या गड्याच्या आधी जतच्या कोरडवाहू गावातून येणाऱ्याला लागेल. मात्र सगळ्यांनाच वर सरकता येत नाही. पन्नाशीतली, शाळा न पाहिलेली, भांगलणीवर घर चालवणारी बाई ना ट्रॅक्टर चालवणार ना चिटबॉय होणार, आणि बोर्हास यांचा आग्रह तिच्यासारख्यांना वेगळे मोजण्याचाच होता. त्यांची आकडेमोड मला पटत नाही, पण हा आग्रह पटतो.

सांगली-सातारा जिल्ह्यांना नाण्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. विटा-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, आणि पाटण-जावळीच्या डोंगरी गावांतून मुंबईला गेलेल्यांनी तिथल्या बाजारांत माथाडी म्हणून पिढ्या काढल्या. तिथे ती बाहेरचीच होती. माणसे गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, यावर प्राची मिश्रा यांचा मेक्सिकोचा अभ्यास आहे: १९७० ते २००० या काळात मेक्सिकन लोक अमेरिकेत गेल्याने मेक्सिकोतली सरासरी मजुरी सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. देशभराची आणि तीस वर्षांची आकडेवारी घेतली की परिणाम दिसतो, एका शहराच्या काही वर्षांत दिसत नाही. यामागे कोणती पद्धत खरी, याहीपेक्षा अंतर आणि काळ यांचा फरक अधिक असावा.

कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, बाहेरचे मजूर गेले होते, तेव्हाचीच मजुरी का पाहू नये, असे कोणी विचारील. अडचण ही की त्याच आठवड्यांत बाजार, वाहतूक आणि हॉटेलेही बंद पडली, म्हणजे मजूर गेले तसे कामही गेले. मारिएलचा गुण असा होता की मजूर आले, पण त्यांच्याबरोबर दुसरे काही आले नाही. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाईल असा प्रसंग मराठवाड्यातल्या दुष्काळाचा आहे. बीडला पाऊस पडला नाही म्हणून वाळव्यात जास्त कोयते आले, तर त्यात वाळव्याच्या मजुरीचा काही हात नसतो. मात्र असा दुष्काळ आटपाडी आणि साताऱ्यातल्या माण तालुक्यालाही गाठतो, तेव्हा तुलना नदीकाठच्या कायम बागायती गावांतच करावी लागेल, आणि तीही करारात बांधलेल्या तोडणीच्या दराची नव्हे. ती करावी लागेल त्याच शिवारात, त्याच महिन्यांत, रोजच्या बोलीवर ठरणाऱ्या हजेरीची: भांगलणीची, लागणीची, पाचट काढण्याची. ही हजेरी सरकारी तक्त्यात जिल्ह्याची सरासरी होऊन येते. ती गावनिहाय आणि महिनानिहाय सापडण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे पंधरा-वीस वर्षे मजुरांचे हिशेब नेमाने लिहिणाऱ्या बागायतदारांच्या घरातल्या लाल कापडात बांधलेल्या वह्या.